सारखं, पण कशात?

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरुडकडे ‘हा त्याच्यावानी आहे’ एवढं बोलून माणूस सुटत नाही. बाया असल्या तर “कशात व?” आणि माणसं असली तर “कशात गा?” हे पाठोपाठ येतंच. तोंडानं? चालीनं? खर्चिकपणानं? ते सांगावं लागतं, आणि सांगितलेलं ऐकणाऱ्याला पटावंही लागतं. नाही पटलं तर “काहीच्या काही सांगतं!” म्हणून तो तुमची तुलना तिथंच मोडीत काढतो. मी इथल्याच शाळेत मराठी शिकवते, घरी संत्र्याचा बगीचा आहे, आणि सारखेपणा सांगणाऱ्या आपल्या शब्दांवर माझा फार जीव आहे. वरवर पाहिलं तर ते एकमेकांच्या जागी खुशाल चालतील असं वाटतं. वापरताना कळतं की प्रत्येकानं आपलं काम वाटून घेतलेलं आहे.

‘वानी’च घ्या. पुस्तकी मराठीत जिथं ‘सारखा’ किंवा ‘प्रमाणे’ येईल तिथं वऱ्हाडी माणूस सहज ‘वानी’ लावतो. मायावानी, तुयावानी, ढोरावानी राबला, पान्यावानी पैसा गेला. ‘सारका’ही बोलीत आहेच, पण ‘सारका’ म्हणताना डोळ्यांपुढं माप असतं. भावाभावांत वावराचे सारके हिस्से पडतात, पंगतीत ‘सगळ्यायले सारकं वाढा’ असं सांगतात, तिफणीतून बी सारकं पडलं की नाही ते उगवण झाल्यावर दिसतं. या जागी ‘वानी’ बसवून पाहा, बसत नाही. ‘वानी’ला माप नको, एक लकब पुरते. ‘तो जन्मभर ढोरावानी राबला’ या वाक्यात राबण्याला विसावा नव्हता हे येतं, राबणाऱ्याला कुणी विचारलं नाही हेही येतं, आणि ते सगळं न मोजता येतं.

बारीक छाननी ऐकायची असेल तर लेकरू पाहायला जमलेल्या बायकांत जाऊन बसावं. खोलीत शेगडीची ऊब, ओव्याचा धूर, आणि मधोमध मुठी आवळून झोपलेलं ते. “तोंड मायवर गेलं, पण कपाय आज्याचं हाये.” “बोटं पाय ना व, सप्पा आत्याची!” एकेक अवयव दोन घरांत वाटून दिला जातो. आत्या जवळ बसलेली असेल तर ती मुद्दाम बोटं पुन्हा उघडून पाहते आणि तिचा चेहरा उजळतो. तोंडावर जाणं पहिल्या दिवशी सांगता येतं. वळणावर जाणं सांगायला लेकरू चालतं-बोलतं व्हावं लागतं, अक्षर काढायला लागलं की आणखी कळतं. गुणावर जाण्याबद्दल मात्र जाणत्या बाया त्या खोलीत चकार शब्द काढत नाहीत. कुणी उतावळी बोललीच तर तिला गप्प करतात. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. त्याच बाया पुढं कानाची पाळी निरखून रंग कुणावर जाईल याचा अंदाज बांधतात, विशेषतः मुलगी असली की, ते मला अजिबात आवडत नाही आणि मी तसं बोलून दाखवते.

जोडीचा शब्द मी शिकले तो बैलबाजारात. माझ्या मोठ्या बाबांकडे गवळाऊ बैलांची जोडी होती, वर्धा जिल्ह्याकडचं वाण, दोन्ही पांढरे. त्यातला एक म्हातारपणानं गेला. उरलेल्याला जोड पाहायला ते निघाले तेव्हा हट्ट करून मीही सोबत गेले. व्यापाऱ्यानं एक पांढराशुभ्र बैल पुढं आणला. “पाहा जी, तुमच्या बैलाचा सख्खा भाऊ शोभते.” खरंच शोभत होता. शिंगांची ठेवण तीच, उंची तीच, वशिंडसुद्धा त्याच घडणीचं. मोठ्या बाबांनी ओठ उचलून दात पाहिले, पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवला, आणि म्हणाले, “चालवून दाखव.” व्यापाऱ्यानं दोन चकरा मारल्या. मोठे बाबा बैलाकडं बघतच नव्हते, त्याच्या मागं धुळीत उमटलेल्या खुरांकडं बघत होते. दोन खुरांमधलं अंतर त्यांनी आपल्या पावलानं मापलं. “पाऊल आखूड हाये. दिसाले जोड जमते, तासात नाई जमत.”

याचा अर्थ मला डवरणीच्या, म्हणजे उभ्या पिकातलं तण काढायच्या, दिवसांत कळला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वीतभर झाली की दोन ओळींच्या मधल्या तासातून डवरा चालवतात. दोघांतल्या एकाचं पाऊल आखूड पडलं तर जू तिरपं होतं, जू तिरपं झालं की डवरा एका बाजूला सरकतो, आणि तणासोबत पऱ्हाटीची रोपंही कापली जातात. म्हणून बैल सारखे हवेत ते पावलात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरी उरलेला बैल उजव्या अंगाला चालायचा. त्याला जोड हवा तो डाव्या अंगाचा, म्हणजे त्या एका बाबतीत अगदी उलटा. दोघंही उजव्या अंगाचे घेतले तर ते कितीही एकासारखे एक असोत, त्यांची जोड होत नाही. शेवटी मोठ्या बाबांनी एक तांबडा बैल घेतला. गावात आल्या आल्या लोकांनी नावं ठेवली, एक पांढरा एक तांबडा, पोळ्याला ही काय जोड झाली? मोठे बाबा दावं बांधता बांधता म्हणाले, “पोया एक दिवस राह्यते गा. बाकी वर्षभर वखर हाये.”

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण वाईट संगतीसाठी वापरतो. तिच्यात केवढी बारकाई आहे. वाण हा जन्माचा, तो शेजारी बांधून लागत नाही. गुण हा सहवासाचा, तो लागतो. आमच्या तांबड्यानं पांढऱ्याकडून उन्हात झाडाखाली आडवं पडायची सवय उचलली, हे मी पाहिलेलं आहे.

रंगाचा विषय आलाच तर ‘सर’ आणि ‘ट’ या दोन शेपट्यांबद्दल थोडं. बगीच्यातली संत्री विकत मागायला व्यापारी येतो तेव्हा सगळा सौदा यांच्यावर फिरतो. फळ हिरवं, हिरवट, पिवळसर, पिवळं, आणि मग नारिंगी. बगीचेवाला म्हणतो पिवळसर झालं, व्यापारी म्हणतो हिरवट आहे. फळ तेच, झाड तेच. ‘हिरवट’मध्ये हिरवेपणा अजून गेला नाही अशी तक्रार आहे, ‘पिवळसर’मध्ये पिवळेपणा आला याचं समाधान. आंबिया बहराची फळं तोडीला आली की हा वाद आमच्या अंगणात दरवर्षी ऐकायला मिळतो आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

वर्गात मी हे सगळं उपमा अलंकाराच्या धड्याला जोडते. व्याकरणाच्या पुस्तकात उपमेचे चार भाग दिलेले असतात: ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान, दोघांत सारखा असलेला समान धर्म, आणि ही सांधेजोड करणारा साम्यवाचक शब्द. सम, समान, सारखा, जसा, तुल्य, प्रमाणे, गत, जुन्या काव्यातले जेवी-तेवी अशी त्या शब्दांची यादी मुलं घोकतात. यादी घोकून झाली की मुलांना वाटतं उपमा आली. मला जीव तोडून शिकवावासा वाटतो तो समान धर्म, कारण बोलताना हाच भाग सगळ्यात आधी गळतो. तो गळला की शास्त्रात त्याला लुप्तोपमा म्हणतात. ‘त्याचं मन लोण्यासारखं मऊ आहे’ हे वाक्य फळ्यावर लिहून मी ‘मऊ’ पुसलं आणि रिकाम्या जागी काय येईल ते विचारलं. एकानं सांगितलं पांढरं. दुसऱ्यानं सांगितलं, ऊन लागलं की वितळणारं. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, “घट्ट धरलं की हातातून सटकते.” तिन्ही उत्तरं बरोबर होती, आणि तिन्ही मनं वेगवेगळ्या माणसांची होती.

हे शहाणपण आमच्या तालुक्यात फार जुनं आहे. रिद्धपूर मोर्शी तालुक्यातच येतं. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचं ते गाव, महानुभाव पंथाचं मोठं तीर्थ. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांनी सांगितलेले दृष्टान्त केशिराजबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले, ते ११४ आहेत. त्या ग्रंथाची मांडणी मला थक्क करते. आधी सूत्र, मग दृष्टान्त, आणि त्यानंतर दार्ष्टान्तिक. गोष्ट सांगितली आणि ऐकणाऱ्यावर सोडून दिली असं तिथं होत नाही. या गोष्टीतलं अमुक म्हणजे इथलं अमुक, हे दार्ष्टान्तिकात सांगून मगच पुढं जायचं. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांचा दृष्टान्त सगळ्यांना ठाऊक असतो. पाय हाती लागलेल्याला हत्ती खांबासारखा, कान हाती लागलेल्याला सुपासारखा. त्यांतला एकही खोटं बोलत नव्हता. हत्तीचा पाय खांबासारखा असतोच. त्यांनी फक्त ‘पायापुरता’ हा शब्द गाळला. साडेसातशे वर्षांपूर्वीची ही मराठी माणसं, साधी बोली बोलणारी, आणि तुलना कुठून सुरू होते, कुठं संपते याची एवढी काळजी घेणारी. रिद्धपूरच्या रस्त्यानं जाताना मला दर वेळी याचा अभिमान वाटतो.

सारखेपणाचा शब्द सरकारी कागदात उतरला की त्याच्याशी पोट बांधलं जातं. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्य सरकारनं आधी १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली आणि महिना सरता सरता १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. मधल्या दिवसांत हा ‘सदृश’ चावडीवर येऊन बसला होता. मराठीची बाई म्हणून लोक मला विचारायचे, “मॅडम, सदृश म्हंजे हाये का नाई?” मी सांगायची, सदृश म्हणजे तसा दिसणारा. पावसाचा खंड, जमिनीतली ओल, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवाई, ही लक्षणं कागदावर जुळली की ‘सदृश’ म्हणतात. मग निवडलेल्या गावांत माणसं प्रत्यक्ष वावरात जाऊन पीक पाहतात, आणि त्यावर पुढचं ठरतं. ऐकणारे मान हलवायचे, पण त्यांचं समाधान व्हायचं नाही, आणि ते बरोबरच होतं. ज्यानं अजून वावर पाहिलेलं नाही त्याच्या तोंडी ‘सदृश’ हा प्रामाणिक शब्द आहे. ज्याच्या वावरात बोंड गळून पडलंय आणि सोयाबीनच्या शेंगा भरल्याच नाहीत, त्याच्यापाशी दुष्काळाच्या जोडीला कशाचंही शेपूट नको असतं. म्हणून पाहणी लवकर व्हावी, हा माझा आग्रह. तो शब्द जितके दिवस रेंगाळतो तितके दिवस शेतकऱ्याला आपल्याच वावरातलं खरं दुसऱ्याला पटवत बसावं लागतं.

कागदांतलाच आणखी एक शब्द मला आवडतो, ‘बरहुकूम’. जुन्या दस्तांवर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असं लिहिलेलं असायचं, म्हणजे मुळात जसं आहे तसं, काना-मात्राही इकडची तिकडं नाही. आजही लोक तलाठ्याकडं सातबाऱ्याची ‘नक्कल’च मागतात. त्या नकलेत कमीपणा नाही, सही-शिक्का पडला की तिच्यावर कर्ज मिळतं. ‘बरहुकूम’ बोलण्यातून गेला, तिथं आता झेरॉक्स आलं. पोरगं बापासारखं दिसलं की “बापाची झेरॉक्स हाये” म्हणतात. मला त्यात वावगं वाटत नाही. शब्द बाजारातून आला, पण तो नेमक्या कामाला लावलेला आहे. झेरॉक्स तोंडाचीच निघते, गुणाची निघते असं कुणी म्हणत नाही.

आता नात्याकडं येते. सारखं असणं आणि नात्याचं असणं यांत आमच्याकडं फार अंतर मानतात, आणि ते अंतर संत्र्याच्या रोपाइतकं स्पष्ट मला दुसरीकडं कुठं दिसलेलं नाही. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत जाऊन पाहा. आधी जंबेरी किंवा रंगपूर या लिंबांचं बी लावून खुंट वाढवतात. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला टी अक्षरासारखा छेद देतात. चांगल्या संत्र्याच्या डोळकाडीवरून एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट अलगद काढतात, छेदात सरकवतात, आणि वरून प्लास्टिकच्या पट्टीनं बांधतात, डोळा तेवढा उघडा ठेवून. बांधणाऱ्याच्या हाताला एका डोळ्याला मिनिटभरही लागत नाही. डोळा फुटला की वरचा खुंट छाटून टाकतात. पुढं जन्मभर खाली जंबेरी राहते, वर संत्रा. ज्याला आपण संत्र्याचं झाड म्हणतो त्याची मुळं संत्र्याची नसतात.

जोडाच्या खालून खुंटाचे फुटवे येतात. ते वेळीच काढले नाहीत तर तेच माजतात आणि वरचा संत्रा मागं पडतो. नवख्याला पानावरून फरक कळत नाही. आमच्याकडं काम करणारी एक मावशी पान तोडून बोटांत चुरगाळते आणि नाकाशी नेते. लिंबाचा वास आला की फुटवा खालचा. “दिसाले सारकंच हाये, वासानं सांगते ते,” असं ती म्हणते. रंगपूर तर आणखी चकवतं. फळ नारिंगी, साल सैल, आत संत्र्यासारख्याच फोडी, आणि फोड जिभेवर ठेवली की लिंबाचा आंबटपणा. वनस्पतिशास्त्र सांगतं की जंबेरी आणि रंगपूर ही दोन्ही महाळुंग आणि मँडरिन यांच्या संकरातून आली, आणि आपला नागपुरी संत्रा मँडरिनच. म्हणजे संत्रा ज्या खुंटावर उभा आहे तो एका बाजूनं त्याच्या घरचाच निघतो. मोसंबीतही पपनस आणि मँडरिन या दोन घराण्यांचं रक्त आहे. बगीच्यात फिरताना मला ही सगळी भावकी वाटते, कुणी तोंडावर गेलेलं, कुणी चवीवर, आणि कुणी नुसतं मुळाशी राहून दुसऱ्याला पोसणारं.

माणसांच्या नात्यांत आपण शब्दांची जी चैन केली आहे तिला तोड नाही. चुलत, आते, मामे, मावस, भाऊ म्हणायच्या आधीच तो कुठल्या दारानं आला ते कळतं. त्यावर पुन्हा ‘सख्खा चुलत’. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सख्खा आणि चुलत एकत्र कसे, असं वाटेल. ज्याला भावकीत पन्नास चुलत आहेत त्याला मात्र वडिलांच्या सख्ख्या भावाचा मुलगा वेगळा काढायला हाच शब्द लागतो. लग्नात तर कालपर्यंतचे दोन अनोळखी बाप एका दिवसात ईवाई, म्हणजे व्याही, होतात. त्यांच्यात काही सारखं असण्याची गरजच नाही. एक वखर धरणारा, दुसरा बँकेत कारकून, तरी ते ईवाई.

सारखेपणाच्या सगळ्या शब्दांत माझा राग आहे तो नेमका इथं घुसणाऱ्या ‘तोलामोलाचा’ या शब्दावर. सोयरीक तोलामोलाची हवी, म्हणून लग्न तोलामोलाचं हवं, म्हणून मंडप, आहेर, जेवणावळी, आणि त्यासाठी सावकार. कापसाला भाव नाही त्या वर्षीसुद्धा हा शब्द ऐकू येतो. दोन घरांचा तोल कशात पाहायचा हे एकदा बसून ठरवायला हवं. पोरगी तिथं हसतमुख राहील का, तिचं शिक्षण पुरं होऊ देतील का, यात पाहा ना. माझ्या वर्गातल्या मुली बारावीआधीच या तराजूत बसवल्या जातात तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन भांडले आहे आणि पुढंही भांडणार आहे.

सराव परीक्षेत या वेळी मी एक प्रश्न घातला होता, साम्यवाचक शब्द वापरून स्वतःचं वाक्य लिहा. बऱ्याच मुलांनी चंद्रासारखं मुख आणि हरणासारखे डोळे लिहिले. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘लाल्या आलेलं पऱ्हाटीचं पान रातच्या ओलिताहून आलेल्या बाबाच्या डोयावानी लाल दिसते.’ उपमेय आहे, उपमान आहे, समान धर्म शब्दात सांगितलेला आहे, आणि रात्रीच्या लाइटवर ओलीत करणारा शेतकरी त्यात जागा आहे. सोबत तपासणाऱ्या एका शिक्षकांचं म्हणणं पडलं की ‘वानी’ पुस्तकातल्या यादीत नाही, अर्धा गुण कापावा. आमचा बराच वेळ वाद झाला. मी दोनपैकी दोन गुण दिले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावरच्या यादीत ‘प्रमाणे’च्या खाली ‘वानी’ लिहून मुलांना ती वहीत उतरवून घ्यायला सांगितली.